नाव काढणं

टॅमरॅक फॉल्सच्या सरकारी हायस्कुलात
जिमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एक काळा फळा आहे.
त्यावर नावं काढायचं काम माझं.
एका नावाला सहा डॉलर. आकडे फुकट.
रंग पिवळा इनॅमल, ब्रश खारीच्या केसांचा,
शिडी शाळेची, जिची खालून तिसरी पायरी
अठ्ठ्याहत्तर सालापासून दुरुस्त व्हायची आहे.

ऑफिसबाहेर दुसरी भिंत आहे, काचेमागची.
तिथे शाळेचं नाव काढलेली माणसं राहतात:
न्यायाधीश व्हर्ना होल्मक्विस्ट,
वर्गात चार वर्षांत चार वाक्यं बोललेला
ऑर्विल प्रेबिल, ज्याचं नाव आता एका दगडफुलाला आहे,
आणि अकॉर्डियन गळ्यात अडकवून
तीन राज्यं पालथी घातलेला लड क्रास्नेक.
त्यांना कुणी खरवडत नाही.
माझ्या भिंतीवर मात्र
नाव काढायचं म्हणजे आधीचं नाव काढायचं.

मुलींचा रकाना आला पंचाहत्तर साली.
तोवर फळा भरला होता,
म्हणून तो दारापाशी वळून थेट
पाण्याच्या नळापर्यंत जातो.
तिथली नावं सगळ्यात जास्त वाचली जातात,
तहानलेल्यांकडून.

एका ओळीला मात्र मी हात लावला नव्हता.
आइनो लाह्ती, एकाहत्तर,
आठशे ऐंशी यार्ड, एक मिनिट छप्पन्न पूर्णांक दोन.
पुढे यार्डांचे मीटर झाले,
हेडमास्तरांनी पेन्सिलीने भागाकार केला,
मी फक्त शेपटीचे आकडे बदलले.

आइनो काचेमागे गेला नाही.
बत्तीस वर्षं खाणीत ट्रक चालवला,
मग एक गुडघा बदलून घेतला.
दर मे महिन्यात यायचा, हात जॅकिटात,
यंदा आठशेला कोण आहे, विचारायचा,
आणि घरातल्या घड्याळाकडे बघावं
तसं भिंतीकडे बघून जायचा.

या मे महिन्यात दहावीतला फेंग लोर पळाला.
त्याची आई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात असते,
शर्यतीच्या वेळी तिची पाळी होती.
एक पंचावन्न पूर्णांक एक शून्य.
मशिनच्या डोळ्याने मोजलेलं, वाद नाही.

सोमवारी मी शिडी लावली.
आइनो आला आणि काही न बोलता ती धरून उभा राहिला.
पातं फिरवलं, त्याच्याखालून
अठ्ठावन्नचा कुणी निघाला, त्याच्याखालून छत्तीसचा,
मग नुसतं लाकूड.

तेव्हा मी बोललो,
खाली, त्याच्या टकलाला उद्देशून.
म्हटलं, एकाहत्तर साली स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.
गारठा होता, बोट हातमोज्यात होतं, ती कारणं खोटी.
पिस्तुलाचा धूर निघाला तेव्हा मी
मार्लिस आइडेकडे बघत होतो
(जिने पुढे दुसऱ्याच कुणाशी लग्न केलं, ते असो).
अंगठा उशिरा पडला, आइनो.

शिडी हलली नाही.
किती उशिरा?
अर्धा सेकंद. जास्तही असेल.

जिममध्ये कुणीतरी चेंडू विसरलं होतं,
तो आपोआप थोडासा घरंगळला.

तरीच, आइनो म्हणाला.
तरीच मला परत कधी तेवढं पळता आलं नाही.
बारावीचं अख्खं वर्ष,
सकाळी पाचला, बर्फात, कुत्र्याला घेऊन.
मला वाटलं माझंच काहीतरी संपलं.

मी काय बोलणार?
ब्रश बुडवला.
पहिलं अक्षर जरा थरथरलं, ते तसंच ठेवलं.
नाव लहान. ओळीत बरीच जागा उरली.

अजून सहाच का रे घेतोस? त्याने विचारलं.
हो म्हटलं.
एका हाताने शिडी धरून
दुसऱ्या हाताने त्याने पाकीट काढलं.
एकाहत्तरात मी तुला दिले नव्हते, म्हणाला,
तेव्हा शाळेने दिले होते.

मग, उतर आता,
तिसरी पायरी सांभाळ.